कोकणातून परदेशी वर्ककॅम्पला जाताना

आंतरराष्ट्रीय वर्ककॅम्पमध्ये दोन-तीन आठवडे एखाद्या गावात राहायचं आणि वेगवेगळ्या देशांतल्या दहा ते वीस तरुणांबरोबर बिनपगारी काम करायचं. दिवसाला पाच-सहा तास, आठवड्याला पाच दिवस. राहणं-जेवण यजमान संस्थेकडे, प्रवास आणि व्हिसा आपला आपण. काम कुठे जुन्या किल्ल्याची भिंत उभी करण्याचं, कुठे जंगलातल्या पायवाटा नीट करण्याचं, कुठे मुलांच्या सुट्टीतल्या शिबिराचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलामुलींना हे काम जड जात नाही. चिरे उचललेले असतात, कलमांना आळी केलेली असतात, वनराई बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरलेली असते. गाडी अडते ती कागदांवर आणि तारखांवर. सगळे कागद असूनही क्रम उलटा लागल्यामुळे जाणं हुकलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. म्हणून इथे सगळं क्रमानेच सांगतो.

घरी विषय काढताना थोडा इतिहास हाताशी ठेवा. १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस शांतिवाद्याने पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या, फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एका गावात पहिलं शिबिर भरवलं. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांतली माणसं तिथे एकत्र घरं बांधत होती. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः पुनर्बांधणीसाठी बिहारला आले होते, आणि १९५० च्या दशकात याच संस्थेच्या स्वयंसेवकांनी बाबा आमट्यांच्या आनंदवनात बांधकाम केलं. ‘परदेशात मजुरी कशाला करायची?’ असं आजोबा विचारतात, तेव्हा आनंदवनाचं नाव काढलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

जर्मनीतल्या किंवा फ्रान्समधल्या शिबिराला सहसा थेट अर्ज करता येत नाही. आपल्या देशातल्या पाठवणाऱ्या संस्थेमार्फत जावं लागतं. एससीआय इंडिया (सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलची भारतातली शाखा), बंगळुरूची एफएसएल इंडिया, हिमाचलातली रुची ही अशी काही नावं. या संस्था आंतरराष्ट्रीय जाळ्यांच्या सदस्य असतात आणि त्यांच्याकडे जगभरच्या शिबिरांची यादी असते. तुम्ही अर्ज त्यांना देता, त्या तो यजमान संस्थेला पाठवतात, जागा असली तर तिकडून होकार येतो. पाठवणाऱ्या संस्थेला सहभाग शुल्क द्यावं लागतं. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच शिबिरांत पोचल्यावर वेगळं स्थानिक शुल्कही घेतात, साधारण १०० ते ३०० युरो. युरोपात ते बऱ्याच ठिकाणी नसतं. यादीत ‘एक्स्ट्रा फी’चा रकाना असतो, तो आधी पाहा.

इथेच एक इशारा. आखातात माणसं पाठवणारे एजंट आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि त्यातला एखादा ‘युरोपात व्हॉलंटियर म्हणून नेतो, पुढे काम मिळवून देतो’ असं सांगत लाखाची रक्कम मागतो. वर्ककॅम्पमधून पगार मिळत नाही, मुक्काम वाढत नाही, नोकरीचा परवाना मिळत नाही. असं आश्वासन देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

सगळ्यात आधी पासपोर्ट, शिबिर निवडण्याच्याही आधी. साध्या ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये. मुंबई गाठायची गरज सहसा पडत नाही, कारण मोठ्या पोस्टांमध्येही पासपोर्ट सेवा केंद्रं झाली आहेत. अपॉइंटमेंट, पोलीस पडताळणी आणि टपाल मिळून दीड-दोन महिने धरून चाला. दहावीचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका, त्याने ‘एमिग्रेशन चेक नॉट रिक्वायर्ड’ हा दर्जा मिळतो, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाताना वेगळी सरकारी परवानगी लागत नाही.

खरी गोची नावात होते. आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी. बँकेच्या पासबुकावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. कुठे एका ‘ए’चे दोन झालेले असतात. पासपोर्टच्या अर्जात ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’ असे दोनच रकाने. आडनाव पहिल्यात, स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दुसऱ्यात. एकदा जे लिहाल तेच अक्षरन् अक्षर शिबिराच्या अर्जात, निमंत्रणपत्रात, विम्यात आणि तिकिटावर यायला हवं. आधार आणि बँकेतली दुरुस्ती पासपोर्टच्या आधी करून घ्या, नंतर करायला गेलात तर हंगाम हातचा जातो.

उन्हाळी शिबिरांच्या याद्या साधारण मार्चमध्ये खुल्या होतात आणि बहुतेक शिबिरं जून ते सप्टेंबर चालतात. तो आपला ऐन पावसाळा. भातलावणी जुलैत, गणपती भाद्रपदात. शेती असलेल्या घरातून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात निघणं कठीण. मच्छीमार कुटुंबातल्या मुलांना मात्र पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे जून-जुलैत, मोकळीक असते. गणपतीला घरी असायलाच हवं, हे घरातलं अलिखित कलम तुमच्याकडे असेल तर त्या वर्षीची चतुर्थी पाहूनच तारखा ठरवा. कॉलेजच्या मुलांनी उपस्थितीचं आधीच प्राचार्यांशी बोलून घ्यावं. व्हिसासाठी बोनाफाइड लागतंच, त्यात रजा मंजूर असल्याचा आणि अमुक तारखेला पुन्हा हजर होणार असल्याचा उल्लेख करून घ्या.

यादीत प्रत्येक शिबिराला सांकेतिक नाव असतं आणि कामाचा प्रकार छोट्या इंग्रजी अक्षरांत दिलेला असतो: ‘एन्व्ही’ म्हणजे पर्यावरण, ‘रेनो’ म्हणजे डागडुजी, ‘किड्स’ म्हणजे मुलांसोबत, ‘आर्क’ म्हणजे पुरातत्त्व, ‘फेस्ट’ म्हणजे महोत्सवाची तयारी. पहिल्या खेपेला आमचा कौल ‘रेनो’ किंवा ‘एन्व्ही’ला. हाताने काम करताना भाषेवाचून अडत नाही. मुलांच्या शिबिरात मात्र जर्मन किंवा फ्रेंच येत नसेल तर दिवसभर बाजूला उभं राहावं लागतं. एका शिबिरात एका देशाचे एक किंवा दोनच स्वयंसेवक घेतात, त्यामुळे मैत्रिणीसोबत एकाच ठिकाणी जाण्याचा हट्ट धरू नका. चार-पाच पसंत्या क्रमाने द्या. वयाची अट सहसा १८ पूर्ण, वरची मर्यादा शिबिरागणिक वेगळी. राहण्याची जागा नीट वाचा. शाळेचा हॉल आणि डोंगरातला तंबू यांत फार फरक आहे, विशेषतः ज्याने आयुष्यात कधी स्वेटर घातला नाही त्याच्यासाठी.

अर्जातल्या ‘मोटिव्हेशन’च्या रकान्यात ‘मला वेगवेगळ्या संस्कृती आवडतात’ असं प्रत्येक जण लिहितो. तुम्ही काय केलंय ते लिहा. एनएसएसचं सात दिवसांचं विशेष शिबिर केलं असेल तर तिथे नेमकं काय बांधलं. बंधारा किती पोत्यांचा होता, किती जणांनी किती दिवसांत घातला. वेळासला किंवा आंजर्ल्याला कासवांच्या घरट्यांच्या कामात मदत केली असेल तर ती. विसर्जनानंतर किनारा साफ केला असेल तर तेही. दीडशे-दोनशे शब्द पुरे. आजार, औषधं, आहार यांच्या रकान्यांत काही लपवू नका. दमा आहे हे आधी कळलं तर चुन्याच्या धुळीपासून लांबचं काम देतात.

होकार आला की निमंत्रणपत्र मागा. आता शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. निर्णयाला एरवी १५ दिवस, अडलं तर ४५. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क. बोटांच्या ठशांसाठी त्या केंद्रात स्वतः जावं लागतं. एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटसाठी झुंबड उडते, म्हणून होकाराच्या दिवशीच तारीख पकडा. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. विमान पॅरिसला उतरत असलं आणि शिबिर जर्मनीत असलं तर अर्ज जर्मनीकडे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. विमा घेताना अंगमेहनतीच्या कामात झालेली इजा त्यात बसते का, ते लेखी विचारा. काही पॉलिसी ती वगळतात.

निमंत्रणपत्रात चार गोष्टी असल्याच पाहिजेत: काम बिनपगारी आणि स्वयंसेवी आहे, राहणं-जेवण संस्था देते, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि शिबिराचा पूर्ण पत्ता. सविस्तर माहितीपत्रक शिबिराच्या तीन-चार आठवडे आधी येतं, तोवर व्हिसाचा अर्ज होऊन गेलेला असतो. म्हणून पत्ता पत्रातच मागायचा. पत्रात नुसतं ‘वर्ककॅम्प’ असेल आणि ‘बिनपगारी’ नसेल तर अर्ज वाचणाऱ्याला नोकरीची शंका येते. काही देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही, म्हणून व्हिसाचा प्रकार यजमान संस्थेला विचारूनच ठरवा. ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवी काम करता येतं.

पैशांच्या कागदांत कोकणातली घरं हमखास अडकतात. आंब्याचं उत्पन्न एप्रिल-मेमध्ये येतं, बाकी वर्षभर खात्यात फारशी हालचाल नसते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आयकर विवरण भरलेलं नसतं. मग अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोणीतरी दोन लाख रोख खात्यात भरतो आणि नेमका तोच आकडा डोळ्यावर येतो. त्यापेक्षा हंगामाचे पैसे बँकेतूनच येऊ द्या. वाशी मार्केटमधल्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) जपून ठेवा, सातबारा काढा, या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. खर्च वडील करणार असतील तर त्यांचं तसं पत्र आणि त्यांच्या खात्याचं किमान तीन महिन्यांचं विवरण. बोट असेल तर तिचा परवाना आणि मच्छीमार सोसायटीचा दाखला. एका पानाच्या पत्रात हे हंगामी उत्पन्न समजावून सांगा. मुंबईच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हापूसचा हंगाम माहीत असेलच असं नाही.

व्हिसा हातात येईपर्यंत पूर्ण पैसे भरून तिकीट काढायचं नाही. अर्जाला आरक्षण पुरतं. ही पायरी चुकली तर सगळ्यात मोठं नुकसान होतं, कारण एकूण खर्चात विमानाचाच वाटा मोठा. हा खर्च झेपत नसेल तर पहिलं शिबिर नेपाळमध्ये करावं. भारतीयांना तिथे व्हिसा नाही, आणि विमानाने जातानाही पासपोर्टऐवजी मतदार ओळखपत्र चालतं.

विमान मुंबईहून असलं तरी प्रवास कणकवली, राजापूर किंवा चिपळूणपासून सुरू होतो. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या सावकाश धावतात. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली तेव्हा वाहतूक जवळजवळ दिवसभर बंद होती. विमानाच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत मुंबईत पोचाल असं पाहा, परतीच्या तिकिटालाही तेच. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात उतरलात तर चाकरमान्यांच्या गर्दीत गाडी मिळणार नाही, ते आरक्षण जाण्याआधीच करून ठेवा. तिकडे पोचायचं ते बहुतेक वेळा एखाद्या स्टेशनवर, ठरलेल्या दोन तासांत. गावाकडची शेवटची बस संध्याकाळी सहालाच सुटलेली असू शकते. एक दिवस आधी पोचलात तर झोपायची सोय नसते, ती स्वतः करावी लागते. निमंत्रणपत्र, विमा, परतीचं तिकीट आणि थोडे युरो हातातल्या बॅगेत. सीमेवरचा अधिकारी विचारतो तेव्हा शिबिराचं नाव, गाव आणि परतीची तारीख तिथल्या तिथे सांगता आली पाहिजे.

सामानात घोट्यावर येणारे मजबूत बूट पहिले. ते निदान महिनाभर घालून मऊ करा, नवे बूट दुसऱ्याच दिवशी टाचा सोलतात. स्लीपिंग बॅग पाच अंशांना आरामदायक अशी, खाली घालायला मॅट, रेनकोट, दोन जाड पॅन्ट, हातमोजे. आल्प्सच्या पायथ्याशी जुलैतही रात्री आठ-दहा अंश होतात. धनुर्वाताचं इंजेक्शन जाण्याआधी. मध्य युरोपातल्या गवतात गोचीड असते आणि तिच्यापासून लाइम रोग होतो. गोचिडीतूनच पसरणाऱ्या माकडतापामुळे दोडामार्ग-बांदा पट्ट्यातल्या मुलांना रोज संध्याकाळी अंग तपासायची सवय असतेच, ती तिथेही ठेवा. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही.

खाण्याच्या वस्तूंचे नियम कडक आहेत. युरोपीय संघात प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खव्याची मिठाई बाद. ताजा आंबा रोपस्वास्थ्य प्रमाणपत्राशिवाय (फळाला कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय) जात नाही. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना त्यातून सूट आहे. सुकं खोबरं विमानात चालत नाही, ते पेट घेऊ शकतं म्हणून. आमसुलं, गोडा मसाला, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ खुशाल न्या, बांधणी घट्ट ठेवा.

आमसुलं मुद्दाम सांगतो, कारण स्वयंपाकाची पाळी प्रत्येकावर येते. रोज दोघंजण सगळ्यांचं जेवण करतात, आणि एक संध्याकाळ तुमच्या देशाची. पंधरा जणांना तांदूळ दीड किलो, डाळ ९०० ग्रॅम, कांदे किलोभर. सोलकढीला चाळीसेक आमसुलं लिटरभर कोमट पाण्यात तासभर भिजवून कोळायची आणि नारळाच्या दुधाचे ४०० मिलिलिटरचे चार डबे. मिरची घरच्या निम्मी. तिथल्या विजेच्या शेगडीवर मोठं पातेलं तापायलाच वेळ लागतो, म्हणून अंदाजापेक्षा तासभर आधी सुरुवात करा. वरण शिजलं नाही आणि पंधरा माणसं रिकाम्या ताटांसमोर बसली, असं होतं ते याच कारणाने. मासे-भात खाणाऱ्यांना रोजचा पाव आणि पास्ता तिसऱ्या दिवशी नकोसा होतो. कुळथाची पिठी त्या दिवसासाठी. गोमांस किंवा डुकराचं मांस खात नसाल तर अर्जात लिहा आणि पहिल्या संध्याकाळी पुन्हा सांगा. तिथल्या बऱ्याच तरुणांच्या लेखी ‘शाकाहारी’त मासे बसतात.

कामावर आपल्या माणसाचा हात दिसतो तो दगडात. युनेस्कोने २०१८ मध्ये क्रोएशिया, फ्रान्स, इटली, स्पेन, स्वित्झर्लंड यांच्यासह आठ देशांची बिनमसाल्याच्या, म्हणजे चुना-सिमेंट न घालता रचलेल्या दगडी बांधकामाची कला अमूर्त वारसा यादीत घेतली. आपला गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेलं कुंपण, त्याच जातीचा. मोठे दगड तळाला, लांब बाजू भिंतीच्या पोटात, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, दोन्ही तोंडं वर जाताना आत झुकवायची, पोटात बारीक दगड हाताने बसवायचे. पोटात माती लोटून भरली की पावसात ती वाहून जाते आणि भिंत फुगते. हे माहीत असलं तरी पहिल्या दिवशी तिथल्या गवंड्याचं ऐका. तिथला दगड पातळ फरशांसारखा निघत असेल तर बसवण्याची रीत वेगळी असते.

जुन्या मसाल्याच्या भिंतींत चुना वापरतात, सिमेंट नाही. सिमेंट कडक आणि दमट हवा अडवणारं, त्यामुळे ओल दगडातून बाहेर पडू पाहते आणि दगडाचाच पापुद्रा सुटतो. आपल्या बऱ्याच जलदुर्गांची बांधकामंही चुन्यातली, तेव्हा हे शिकून परत आलेला मुलगा किंवा मुलगी इथल्या गडसंवर्धनाच्या गटाला फार मोलाची. ओला चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. कामावर दिलेला संरक्षक चष्मा काढायचा नाही, डोळ्यांत गेलाच तर लगेच वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवून डॉक्टरकडे.

वेळ पाळणं हा तिथे सगळ्यात मोठा शिष्टाचार. आठला काम म्हणजे आठला हत्यार हातात. काम जमत नसेल, पाठ दुखत असेल तर स्पष्ट सांगायचं. भिडेपोटी हो म्हणून अर्धवट करणारा माणूस गटाला त्रासाचा होतो, आणि आपल्याकडची मुलं इथेच जास्त अडखळतात. इंग्रजीची धास्ती नको. बाकीच्यांचीही ती मातृभाषा नसते. मुलामुलींची एकत्र झोपण्याची खोली, संध्याकाळची बिअर, भेटताना गळाभेट हे सगळं असतं. ‘नको’ म्हटलं की कोणी आग्रह करत नाही. खोल्यांची व्यवस्था घरच्यांना आधीच सांगा, नंतर फोटोतून कळलं तर उगाच वाद होतात. मुलींना वेगळी खोली हवी असेल तर यजमान संस्थेला आधी लिहून विचारावं, बऱ्याच ठिकाणी सोय करतात.

शिबिर मध्येच सोडून फिरायला जाऊ नका. फिरायचं असेल तर व्हिसाच्या अर्जातच पुढचे चार-पाच दिवस दाखवा आणि त्यांचं बुकिंग जोडा. निघण्याआधी प्रमाणपत्र मागून घ्या, त्यात तारखा, कामाचे तास आणि कामाचा प्रकार लिहून घ्या. नुसतं ‘सहभाग घेतला’ असं प्रमाणपत्र पुढे कुठे उपयोगी पडत नाही. बोर्डिंग पास आणि शिक्के जपा, पुढच्या व्हिसाला वेळेत परतल्याचा तो पुरावा. शेंगेन सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी टप्प्याटप्प्याने डिजिटल नोंद आली आहे, तेव्हा शिक्का मिळाला नाही तर बोर्डिंग पास आणखीच महत्त्वाचा. व्हिसासाठी एकदा दिलेले बोटांचे ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. परतल्यावर पाठवणारी संस्था मूल्यमापनाचा अर्ज पाठवते. त्यात राहण्याची जागा, जेवण, कामाचं नियोजन यांतलं काय बिघडलं ते नेमकं लिहा. पुढच्या वर्षी त्याच शिबिरासाठी कोकणातून कोणी विचारायला आलं तर संस्था तोच अर्ज काढून पाहते.